दर्यापूरचा लार्च

वच्छलाबाईच्या हाताला यश आहे, हे दर्यापुरात कोणालाही विचारा, तो सांगेल. अकोट रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला हिरव्या जाळीखाली तिची नर्सरी आहे. मिरची-वांग्याची रोपं, शेवंती, मोगरा, कागदी लिंबू. नवरा सहदेव माती चाळतो, शेणखत मिसळतो, रोपांच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या भरतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. बी मात्र बाई स्वतःच लावते. "तुमचा हात गरम आहे," असं ती त्याला लग्न झाल्यापासून सांगत आली आहे आणि त्या बिचाऱ्यानं कधी सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक दाणासुद्धा स्वतःच्या हातानं टाकून पाहिला नाही.

अशा बाईला तिच्याच पोटच्या पोरीनं, तिच्याच अंगणात उभं राहून, "माय, हे तुझ्याच्यानं होत नाही," म्हणावं? म्हणजे झालं की मग. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यानं घडलं.

पोरगी म्हणजे मंजुषा, एकुलती एक. अकोल्याला झाडांचंच शिक्षण घेतलं आणि नोकरीला गेली ती थेट सिक्कीमला. तिकडं पावसात डोंगरच्या डोंगर घसरतात, तिथं पुन्हा झाडं उभी करायची, हे तिचं काम. त्याच कामावरच्या नोरबूशी तिनं लग्न जमवलं. वच्छलाबाईनं आधी दोन महिने तोंड फुगवलं, मग लग्न इथं दर्यापुरातच, मांडव घालून, वाजंत्री लावून करून दिलं. जावई बुटका, गोरा आणि सदा हसतमुख. पंगतीत त्यानं ठेचा असा खाल्ला की डोळ्यांतून धारा लागल्या, तरी "और दीजिए" म्हणत राहिला. तेव्हापासून सासूबाईचं मत जरा नरम झालं.

पण लेकीच्या घरी काही ती गेली नाही. त्यांच्यात रीत अशी की लेकीला मूल होत नाही तोवर मायबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. वच्छलाबाईच्या आईनं ती पाळली, आजीनं पाळली. आता त्या आजीची लेक चार कोसांवर दिलेली होती. सकाळी जाऊन संध्याकाळी उपाशी परत येता येत होतं. सिक्कीमला पाणी न पिता कसं जायचं, हा विचार रीत पाडणाऱ्यांनी केला नव्हता. त्यामुळं बाई जातच नव्हती. आणि फोनवर बोलणं व्हायचं ते "जेवली काय?" "हाव." "पाऊस आहे काय?" "हाव." एवढंच. दोघींचंही एकमेकींवर जीव टाकणं त्या दोन प्रश्नांत कसंबसं कोंबलेलं असायचं.

एका दिवाळीला मंजुषा आली तेव्हा पिशवीतून मूठभर लाकडी बोंडं घेऊन आली. अंगठ्याएवढी, खवल्याखवल्यांची.

"हे काय व?"

"लार्च. आमच्या तिकडचं झाड आहे. बर्फात उभं राहते." मंजुषानं एक बोंड तळहातावर आपटलं. पातळ पंख असलेलं तिळाएवढं बी बाहेर पडलं. "तुले पाहायले म्हणून आणलं."

"पाहायले काहून? लावून टाकतो की."

"नाही माय. इथं उन्हाळ्यात उकडून मरन ते. हे तुझ्याच्यानं होत नाही."

सहदेव तिथंच पन्न्या भरत बसला होता. त्यानं मान वर केली, बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पोरगी बोलून बसली होती, आता भोगायचं सगळ्यांना होतं.

मंजुषा परत गेली आणि बाईनं बी काढलं. कठीण कवचाच्या बियांना काय करतात, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सागाला करतात तेच. रात्री कोमट पाण्यात भिजवायचं, दिवसा गच्चीवर कडक उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा वाळवायचं. निम्मं बी तिनं अशा रीतीनं तापवलं, मोठ्या थाटात लावलं आणि वाट पाहत बसली. शेजारच्या कुंड्यांमधून तण उगवलं. लार्चचं नावसुद्धा नाही.

शेवटी तिनं फोन केला. चूक कबूल करणं तिच्या जिवावर येतं, म्हणून आधी बराच वेळ तुरीचं, मग शेजारणीच्या म्हशीचं बोलली.

"माय, बियाचं काय झालं ते सांग," मंजुषा म्हणाली.

"काय होते? चांगलं ऊन दिलं त्याले."

"ऊन दिलं? अवं, त्याले थंडी द्या लागते! ओल्या वाळूत घाल अन् फ्रिजमध्ये ठेव. महिनाभर तरी. त्याले वाटलं पाहिजे का हिवाळा येऊन गेला, मंगच ते उठते."

"बी आहे का आइस्क्रीम?" बाई फणकारली. पण फोन ठेवल्यावर वाळू चाळायला बसली.

उरलेल्या बियाचा डबा फ्रिजमध्ये दह्याच्या गंजाखाली गेला. सहदेवनं पाणी घ्यायला दार उघडलं, डब्याचं झाकण उचलून पाहिलं आणि आत ओली रेती दिसल्यावर बायकोच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही," तो म्हणाला. बाईनं त्याचा हात झटकला.

आणि खरं सांगतो, उठलं की ते बी! महिनाभर गारठवून लावलं तेव्हा पंधरवड्यात ट्रेमध्ये लालसर देठ दिसू लागले आणि प्रत्येक देठावर हिरव्या सुयांची एक लहानशी चांदणी. वच्छलाबाईनं आयुष्यात लाखांनी रोपं उगवताना पाहिली असतील, पण त्या दिवशी ती ट्रेपुढं बसली ती उठेचना. व्हिडिओ कॉल लावला, फोन ट्रेवर धरला. पलीकडून मंजुषा ओरडली, "माय! माय व माय! नोरबू, देखो!" जावयानं पडद्यातूनच हात जोडले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं फोन सहदेवकडं फिरवला.

मग तिनं पुढची चूक केली. लाडानं केली. वऱ्हाडातल्या माणसाची माया म्हणजे पाणी. दारी आलेल्याला पाणी, गुरांना पाणी, रोपांना दोन वेळ पाणी. लार्चला ती सोसली नाही. एकेक रोप मातीशी मऊ पडून आडवं होऊ लागलं. मिरचीला अशी मर लागली तर बाई दुरून ओळखते, पण इथं ती जास्तच पाणी घालत राहिली. मंजुषानं फोनवर पाहिलं आणि म्हणाली, "माय, हात आवर. त्याले जरा तहान लागू दे." त्यानंतर बाई झारी घेऊन यायची, उभी राहायची आणि तशीच परत जायची. तिच्या जन्मात तिनं एवढं कठीण काम केलं नव्हतं.

होळी झाली आणि ऊन तापू लागलं. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला काय सांगू. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. उरलेल्या रोपांच्या सुया टोकाला करपू लागल्या. बाईनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं खोलीच्या खिडकीतला कूलर काढायला लावला, सहदेवकडून उलटा फिरवून घेतला आणि पुन्हा खिडकीत बसवला. म्हणजे आता कूलर खोलीत बसून ओसरीवर हवा फेकत होता. ओसरीवर उत्तरेच्या सावलीत लार्चची रोपं, त्यांच्यावर वाळ्याचा गार वारा. खोलीत सहदेव, डोक्यावर पंखा, अंगावर ओला गमछा.

ही बातमी गावभर व्हायला किती वेळ लागणार? लोक लिंबाचं रोप घ्यायच्या निमित्तानं यायचे आणि कूलर पाहून जायचे.

"काय सहदेवभाऊ, झाडाले कूलर अन् तुमाले पंखा?"

"मी काय बर्फातून आलो काय बाप्पा," सहदेव म्हणायचा. "आपून अथीचेच."

ग्रामीण रुग्णालयातली नर्स भावना ड्युटीवरून घरी जाताना नर्सरीत थांबायची. ती दोन घरं सोडून राहते. मंजुषाच्या शाळेतली, तिच्या दोन वर्षं पुढची, त्यामुळं हक्कानं ओसरीवर बसून ताक मागायची. तीही त्या गार वाऱ्यात रोपांच्या बाजूला खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "काकू, मलेही तुमच्या लार्चमध्ये धरा."

चार रोपं तगली. वीतभर झाली, पावसाळ्यात अजून वर गेली, फांद्या धरल्या. मऊ, पोपटी, हात लावला तर टोचतही नाहीत असल्या सुया. आणि एक गोष्ट अशी झाली की त्या रोपांपायी मायलेकींचं रोज बोलणं होऊ लागलं. रोज संध्याकाळी फोन. आधी झाडं दाखवायची, मग झाडांवरून गोष्ट कुठंही जायची. मंजुषानं तिकडचं घर दाखवलं, लाकडी भिंती, चुलीभोवतीचे बाक, नोरबूची म्हातारी आई. ती म्हातारी आणि वच्छलाबाई एकमेकींची भाषा न समजता दहा दहा मिनिटं बोलायच्या. आपल्या पोरीला हसताना एवढ्या वर्षांत एवढं कधी पाहिलं नव्हतं, असं बाई एकदा सहदेवला म्हणाली. तो म्हणाला, "तू पाहात नव्हती, ती तर हसतच होती."

पोळ्याच्या आसपास मंजुषानं सांगितलं की तिला दिवस गेले आहेत.

घरात आनंदाचा नुसता धुडगूस. बाईनं त्याच दिवशी डिंकाची चौकशी केली, जुन्या मऊ लुगड्यांचा गठ्ठा काढला, मागची खोली चुन्यानं रंगवायला सहदेवला लावलं. पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारायचं काय होतं? सातव्या महिन्यात आणायची, सव्वा महिना झाल्यावर पाठवायची.

मग एके दिवशी मंजुषा म्हणाली, "माय, डॉक्टर नाही म्हणते. वार खाली आहे, बाळाच्या वाटेवरच. गाडीनं, जीपनं, कशानंच फिरायचं नाही."

"तिथले डॉक्टर काय सांगतात! आपल्या अकोल्यात किती मोठमोठे दवाखाने आहेत. सावकाश आणू ना तुले."

"माय, दोन दिवसाचा रस्ता आहे. मले भीती वाटते." मग लगेच, "तू ये ना इकडं."

"मी?" बाई म्हणाली. "अन् तथी राहू कशी? पाणी नाही का प्यायचं मले?"

"माय, पाण्याचं काय घेऊन बसली व..."

"माझी माय नाही प्यायली, तिची माय नाही प्यायली. अन् पहिलं बाळंतपण सासरी केलं तर लोकं काय म्हणतीन? वच्छलेनं पोरगी टाकून देली म्हणतीन."

पुढं शब्दाला शब्द वाढला. मंजुषा रडली, बाईनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन झाला, झाडं दाखवून झाली, पण तो विषय दोघींनी काढला नाही. त्या विषयाच्या कडेकडेनं बोलत आठवडे गेले. डॉक्टर ऐकेल, पोरगी ऐकेल, काहीतरी होईल, असं बाई मनाशी म्हणत राहिली. एकदा तिनं भावनाला विचारून पाहिलं. भावना म्हणाली, "काकू, वार खाली असताना हलवणं म्हणजे जिवाशी खेळ. डॉक्टर बरोबर सांगते." बाईला ते ऐकायचं नव्हतं, तिनं ताकाचा ग्लास पुढं केला.

दिवाळी आटोपली, थंडी पडू लागली आणि चारही लार्च पिवळे पडले.

आधी एक फांदी, मग सगळं झाड. हळदीसारखा रंग. वच्छलाबाईनं खत दिलं, माती उकरून मुळांना हवा दिली, कुंड्या उन्हात सरकवल्या, रात्री पोती गुंडाळली. आठवडाभरात सुया झडू लागल्या. सकाळी झाडून काढल्या तर संध्याकाळी पुन्हा ओसरीवर पिवळा सडा. एके दिवशी पाहिलं तर चार कुंड्यांत चार उघड्या काड्या उभ्या होत्या.

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडं झाडं पानं टाकतात ती उन्हाळ्याच्या तोंडी, पळस फुलतो तेव्हा. साग बोडका होतो, सालई बोडकी होते, पाणी वाचवायला. थंडीच्या दिवसात तर सगळं रान कसं टवटवीत असतं. थंडीत ज्या झाडाचं पान न् पान गळालं ते मेलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सुरूसारख्या सुयांचं झाड तर कधीच पानं टाकत नाही, म्हणजे तर प्रश्नच मिटला.

बाई कुंड्यांपुढं बसली. रोप जिवंत आहे की मेलं हे बघायचं तर सालीला नख लावायचं, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. हजारो रोपांना तिनं असं नख लावलं असेल. या चारांना लावायचं मात्र तिला धाडस झालं नाही. बोट पुढं न्यायची आणि मागं घ्यायची. कारण आता ती नुसती रोपं राहिली नव्हती. मंजुषाच्या हातचं बी, मंजुषाच्या डोंगराचं झाड, आणि तिकडं मंजुषाच्या पोटात बाळ, वार खाली. नको नको ते मनात येत होतं. तिनं चारही कुंड्या उचलल्या आणि मागच्या रंगवलेल्या खोलीत नेऊन ठेवल्या, दार लावून घेतलं.

संध्याकाळी फोन वाजला. तिनं उचलला नाही. उचलला असता तर मंजुषा म्हणाली असती, झाडं दाखव. दाखवायचं काय? आणि खोटं बोलायचं तर वच्छलाबाईला ते जमत नाही. तिचा आवाजच चहाडी करतो. दुसऱ्या दिवशी वाजला, तिसऱ्या दिवशी वाजला. सहदेवच्या फोनवर आला तर तिनं त्याला बजावलं, "सांगा नर्सरीत गर्दी आहे." तोही बिचारा तसंच सांगत राहिला. बाई दिवसभर मिरचीच्या ट्रेवर वाकून काम करायची आणि जेवायला बसली की ताटावरून उठायची. सहदेवनं दोनदा विचारलं. "काही नाही झालं मले," एवढंच उत्तर.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी भावना आली, नेहमीसारखी ताक मागत नाही, तर युनिफॉर्मवरच, तरातरा.

"काकू, काय लावलं हे? मंजू मले फोन करून रडून राहिली. तिचं बीपी वाढलं. माय बोलत नाही म्हणते. मी बाळंतपणाले येत नाही म्हणून मायनं मले तोडलं म्हणते."

वच्छलाबाईच्या हातातली खुरपी तिथंच राहिली. "तोडलं?"

"मंग काय समजावं तिनं?" भावनानं आपल्या फोनवरून व्हिडिओ लावला आणि बाईच्या हातात दिला.

पडद्यावर मंजुषा होती. चेहरा सुजलेला, नाक लाल. "माय," ती म्हणाली आणि एकदम फुटली, "येवढा राग? मी काय मुद्दाम येत नाही काय व?"

"राग नाही व माय, राग नाही!" वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावला. "झाडं मेली व मंजे. तुझी झाडं. चारही मेली. कशी सांगू तुले? तुले दिवस गेलेले, अन् मी असं वंगाळ कसं सांगू?"

मंजुषानं नाक पुसलं. मग हळूच म्हणाली, "पिवळी पडली होती काय?"

"हाव."

"अन् मंग सगळ्या सुया झडल्या?"

"एक नाही राहिली."

आणि पोरगी हसायला लागली. रडता रडता हसायला लागली, पोटाला हात धरून. वच्छलाबाईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"अवं माय, ते मेले नाहीत. झोपले ते. दर थंडीत झोपतात. सुयांची बाकी झाडं हिरवी राहतात, पण हा पानं टाकून देते. टाकते म्हणून तर बर्फात जगते. हे पाह्य." तिनं फोन खिडकीकडं फिरवला. पलीकडं डोंगराची अख्खी उतरण, खालपासून वरपर्यंत, उघड्या काड्यांनी भरलेली. "हे सगळं तुझं मेलेलं झाड. चैतात पाहाशीन तर हिरवंगार."

भावना आणि सहदेव दोघं बाईच्या मागं उभे राहून पाहत होते.

"माय, नख लावून पाह्यलं नाही काय तू?" मंजुषानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. "हिंमत नाही झाली."

तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं. एका काडीवर अंगठ्याचं नख टेकवलं, डोळे मिटले आणि साल किंचित खरवडली. सहदेवच आधी बोलला, "हिरवं आहे व." दुसरी हिरवी. तिसरी हिरवी. चौथीला नख लावेपर्यंत बाई हमसून हमसून रडत होती आणि पडद्यावर तिची पोरगी, "माय, गप ना, आता काय झालं, गप ना," म्हणत स्वतःही रडत होती.

सगळं निवल्यावर मंजुषा म्हणाली, "पण माय, आता एक ऐक. पुढच्या उन्हाळ्यात ती कूलरनं वाचायची नाहीत. मोठी झाली ना. झोपेत आहेत तोवर कोणासंग इकडं पाठवून दे. झोपेत हलवलं का त्यायले कळतही नाही."

"पाहातो," बाई म्हणाली.

फोन ठेवला. सगळे ओसरीवर येऊन बसले. मग भावनाचं तोंड काही राहिना. ती पोरगी स्पष्ट बोलायला दर्यापुरात प्रसिद्ध आहे, इंजेक्शन देतानासुद्धा दुखणार नाही असं कधी म्हणत नाही.

"काकू, राग येईन तर येऊ द्या. झाडाले थंडी पाहिजे म्हटलं तर तुमी फ्रिजमध्ये वाळू ठेवली. गार हवा पाहिजे म्हटलं तर कूलर फिरवला, अख्ख्या गावाचं हसू झेललं. अन् पोरगी माय पाहिजे म्हणून राहिली, तर तुमाले पाण्याची रीत आठवते?"

"भावने, तोंड सांभाळ," सहदेव म्हणाला, पण त्यात काही दम नव्हता.

वच्छलाबाई उठून नळावर गेली, तोंड धुतलं, हात धुतले. खरं तर तिला आत कुठं तरी हे कधीचं ठाऊक होतं. लोकांचं निमित्त होतं, रीतीचंही निमित्त होतं. तिला भीती वाटत होती. दर्यापूरच्या बाहेर ती मोझरीच्या यात्रेपलीकडं कधी गेली नव्हती. तिकडं आपलं कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही, तिकडं आपण कोणीच नाही. हाताला यश असलेली वच्छलाबाई इथं, अकोट रस्त्यावर. तिकडं नुसती एक म्हातारी. त्यापेक्षा पोरीनंच यावं, हे तिला सोपं वाटत होतं. जिवावर बेतलं तरी पोरीनंच. हे मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

ती पदरानं हात पुसत परत आली.

"अकोल्याहून कोणती गाडी जाते तिकडं?" तिनं विचारलं.

सहदेव हसला. "जाशीन कशी पण? चार कुंड्या घेऊन? तिथं डोंगरभर आहेत हीच झाडं. वरूडच्या बगीच्यात संत्री नेऊन राहिली."

"मी त्यायच्या डोंगरासाठी नेऊन राहिली काय? माह्यी झाडं आहेत, माह्या पोरीच्या दारात लावतो," ती म्हणाली. "अन् नर्सरी तुमाले पाहा लागीन. बीसुद्धा तुमीच लावा."

"माहा हात गरम आहे ना?"

"पडू द्या आता गार," वच्छलाबाई म्हणाली, आणि भावना खुर्चीवरच हसून लोळली.

माघ लागता लागता ती निघाली. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, जुन्या लुगड्यांच्या लंगोट्या-दुपटी, ओव्याची पुडी, बाळाला शेक द्यायला शेगडी. आणि एका खोक्यात मुळांभोवती ओली माती बांधलेल्या चार काड्या. अकोला स्टेशनावर एका पोरानं विचारलं, "आजी, ह्या वाळक्या काड्या कायले नेऊन राहिल्या?" "झोपल्या आहेत, गलका करू नको," ती म्हणाली. गाडीत दोन रात्री, मग जीपमध्ये कानात वारा, रस्त्याच्या एका अंगाला दरी. तिनं डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं ते थेट दारात जीप थांबेपर्यंत.

मंजुषा दारात उभी होती. पोट केवढं तरी. मायला पाहून तिनं मिठी मारली आणि मग बाजूला होऊन नुसतीच उभी राहिली, हात रिकामे. नोरबूची आई आतून पितळी पेला घेऊन आली होती, तिला मंजुषानं डोळ्यांनीच थांबवलं. वच्छलाबाईनं ते पाहिलं. तिनं सरळ पुढं होऊन विहिणीच्या हातातला पेला घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. "अजून द्या," ती म्हणाली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. वार खालीच राहिली, मंजुषाला खालच्या शहरातल्या दवाखान्यात आधीच नेऊन ठेवावं लागलं आणि शेवटी सिझर झालं. ते होत होतं तेव्हा वच्छलाबाई बाहेर बाकावर नोरबूचा हात घट्ट धरून बसली होती; कोण कोणाला धीर देत होतं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग दार उघडलं आणि नर्सनं गुंडाळलेलं एक गाठोडं बाहेर आणलं. मुलगी. लालबुंद, मूठ आवळलेली, भयंकर संतापलेली. वच्छलाबाईनं तिला दर्यापूरच्या मऊ लुगड्यात घेतलं, कानाशी तोंड नेऊन आपलं आणि सहदेवचं नाव सांगितलं, आणि आत जाऊन मंजुषाच्या कपाळावरून हात फिरवत बसली. पोरीनं गुंगीतच विचारलं, "माय, आहेस ना व?" "आहो ना. कोठी जातो?" ती म्हणाली.

दुपारी सहदेवचा फोन आला. तो आधी खूप हसला, मग नाक ओढू लागला, मग विचारत सुटला, नात कोणावर गेली, रंग कसा आहे, केस आहेत काय. मग जरा आवाज खाली करून म्हणाला, "पण वच्छले, अथी लोकं इचारून राहिले बरं. गल्लीतले खुशालराव आताच म्हणे, पहिलं बाळंतपण सासरीच केलं का तुमी?"

वच्छलाबाईनं मांडीवरच्या नातीकडं पाहिलं. पलीकडं खाटेवर मंजुषा शांत झोपली होती.

"त्यायले सांगा," ती म्हणाली, "माहेरीच झालं. मी अथी आहो ना."